गुलाबी पाण्याचा चोर

रेणुकादास सरांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण कॉपी पकडायची त्यांची नजर काही निवृत्त झाली नाही. नांदेडात विष्णुपुरीच्या रस्त्याला त्यांचं घर, आणि त्या घरातल्या दर बाटलीवर स्केचपेननं ओढलेली एक रेघ. फिनेलवर रेघ, खोबरेल तेलावर रेघ, लोणच्याच्या बरणीवर तर तारखेसकट. दूधवाल्याचा त्यांनी असा पिच्छा पुरवला की बिचाऱ्यानं गल्लीच सोडली. त्यांच्या पत्नी विमलकाकू म्हणायच्या, "नशीब माझं, माझ्यावर अजून रेघ ओढली नाही."

मग गाडीची पाळी आली. कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटच्या कोपऱ्यात मलप्पाचं पत्र्याचं गॅरेज आहे. देगलूरकडचा माणूस, सोळा वर्षं कॉलनीतल्या गाड्या त्याच्याच हातच्या. सरांच्या गाडीच्या रेडिएटरचा एक पाईप फुगला होता, तो मलप्पानं बदलला आणि इंजिन थंड ठेवणारं नवं गुलाबी पाणी, म्हणजे कूलंट, भरून दिलं. त्याच संध्याकाळी सरांनी रोजच्यासारखी धरणापर्यंत गाडीनं चक्कर मारली, घरी येऊन बॉनेट उघडलं आणि कूलंटच्या बाटलीवर आपली रेघ ओढून टाकली. कंपनीनं बाटलीवर दोन रेघा दिलेल्या होत्याच. पण कंपनीच्या रेघा कंपनीच्या फायद्याच्या, असं सरांचं मत.

सकाळी बघतात तर पाणी रेघेच्या दोन बोटं खाली!

सरांनी मुकाट्यानं रेघेपर्यंत भरलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा खाली. तिसऱ्या सकाळी तेच. पहिला संशय शेजारच्या भुजंगवर गेला, कारण त्याच्या जीपमध्येही गुलाबीच कूलंट. सर चार दिवस खिडकीच्या पडद्याआडून जीपवर पाळत ठेवून होते. पण गाडीला कुलूप, आणि बॉनेटची कळ गाडीच्या आत. म्हणजे चोराकडं किल्ली हवी. आणि किल्ली दोन दिवस कोणाकडं होती? मलप्पाकडं!

"अहो, कूलंट पिऊन तो काय करणार?" काकूंनी विचारलं.

"तुला कळत नाही. गप्प बस."

पुढच्या आठवड्यात गाडीखालच्या फरशीवर गुलाबी डाग दिसला आणि सरांचा तपास एकदम पालटला. चोर नव्हेच, ही फट! मलप्पानं पाईप मुद्दाम सैल बसवला, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा दारात. सरांना इतका आनंद झाला, की दहावीच्या पोराच्या मोज्यात चिठ्ठी सापडल्यावरही झाला नसेल.

इथवर गंमत होती. पण सर कॉलनीचे सचिव. रविवारी सभा, आणि सभेत एकच विषय: मलप्पाचं गॅरेज त्या कोपऱ्यात ठेवायचं की हलवायचं. कॉलनीची मतं निम्मी-निम्मी, सर जिकडं झुकतील तिकडं पारडं जाणार. "रविवारी पुराव्यासकट बोलतो," असं सर चौघांना सांगूनही बसले. मलप्पाच्या कानावर ते गेलं. तो सरांना नमस्कार करायचा थांबला. सरांनी तेही पुराव्यात धरलं.

पुरावा पक्का हवा, आणि नांदेडातले सगळे मिस्त्री एकमेकांना सामील. म्हणून शनिवारी सर लेकीला, मनस्विनीला भेटायचं निमित्त काढून लातूरला निघाले. लेकीच्या घरी न जाता आधी रिंग रोडला गेले आणि ज्याचं तोंडही कधी पाहिलं नाही असं गॅरेज शोधलं. तिथं संघपाल नावाचा मिस्त्री होता.

"रेडिएटर गळतोय. कुठून ते दाखवा आणि लिहून द्या," सर म्हणाले.

"दाखवतो की. बसा. गाडी निवू द्या आधी."

"आत्ताच का नाही?"

"आत्ता झाकण काढलं तर उकळतं पाणी तोंडावर येईल, सर. तुमच्या न्हाई, माझ्या."

सरांना शंका आली, की हा वेळ काढून नांदेडला फोन लावणार. त्यांनी स्टूल उचललं, उघड्या बॉनेटसमोर ठेवलं आणि बाटलीवर डोळे रोवून बसले. चहा आला, तो नजर न हलवता प्याले. सकाळी निघताना पाणी बरोबर रेघेवर भरलं होतं. आता ते रेघेच्याही वर, बुचाशी टेकलं होतं, आणि बाटलीच्या अंगावरून गुलाबी ओघळ खाली गेला होता.

अर्धा तास गेला. पाणी थोडं उतरलं.

सरांनी चष्मा पुसला. तास झाला. पाणी रेघेवर. दुपार कलली तेव्हा रेघेच्या दोन बोटं खाली. या सगळ्या वेळात गाडीजवळ कोणी फिरकलं नव्हतं. संघपाल चार गाड्यांपलीकडं एका ट्रकच्या पोटाखाली होता. राखणीला सर, आणि संशयित म्हणावं तर तेही सरच.

संघपाल हात पुसत आला. रेडिएटरच्या तोंडाला त्यानं काटेवाला पंप लावला आणि दांडा सरांच्याच हातात दिला. "मारा तुम्हीच. माझ्यावर कशाला भरोसा ठेवता?"

सरांनी हवा भरली. काटा चढला आणि तिथंच थांबला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली, केसभरही हलला नाही. संघपालनं बॅटरी घेऊन एकेक पाईप, एकेक सांधा दाखवला. सगळं कोरडं.

"पाईप झकास बसवलाय. ज्यानं बसवला त्याचा हात चांगला हाय. ही रेघ कुणी ओढली?"

"मी."

"गरम गाडीवर?"

सरांनी मान डोलावली.

"गरम झालं की कूलंट फुगतंय, बाटलीत चढतंय. निवलं की परत रेडिएटरात जातंय. तुम्ही थंड गाडीत गरम रेघेपर्यंत भरत राहिलात, मग जास्तीचं सांडणारच. कंपनीच्या दोन रेघांच्या मधी ठेवा, थंड असताना. बाकी काही न्हाई." मग त्यानं सहज विचारलं, "तुम्ही शाळेत सर होता का? काय शिकवायचात?"

"विज्ञान," सर म्हणाले. उष्णतेनं द्रव प्रसरण पावतात, हे वाक्य त्यांनी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं.

रविवारी सभा भरली. मलप्पा दारात चपला काढून भिंतीला टेकून उभा. भुजंग पुढच्याच खुर्चीत, मजा बघायला. सर उठले. घसा तीनदा खाकरला. गोलमाल बोलून निभावता आलं असतं, 'तांत्रिक अडचण होती' वगैरे. तसं दोन वाक्यं बोललेही. मग दाराकडं पाहिलं आणि म्हणाले, "गाडी गळत नव्हती. मीच जास्त भरत होतो, आणि मीच चोर शोधत होतो. मलप्पाचं काम चोख आहे. गॅरेज आहे तिथंच राहावं, असं माझं मत."

हशा पिकला. भुजंग तर मांडी थोपटून हसला, कारण पडद्यामागचा चष्मा त्यानं चारही दिवस पाहिला होता. पण हात वर झाले, आणि ठराव सरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला.

माणसं पांगल्यावर मलप्पा जवळ आला.

"अय्यो सर, दोन आठवडे सोसलंत. गॅरेज वीस पावलांवर हाय. मला का इचारलं न्हाई?"

सरांनी रजिस्टर मिटलं. "विचारलं असतं तर तू खरं तेच सांगितलं असतंस रे. आणि मला ते पटलं नसतं."