चित्रकाराच्या घरात अडकलेले माझे मेज

अर्जदार: मी, कुंभकोणमचा अर्जलेखक, आठव्या इयत्तेपर्यंत शिक्षित, कायद्यात स्वयंशिक्षित. प्रतिवादी: दिवंगत ग्रीक चित्रकाराचे घर व चित्रशाळा पाहुण्यांसाठी खुली करणारी समिती. घटनेचा दिवस: गेली आयुधपूजा, नवरात्रातील नवमी. साक्षीदार: समोरची फुलवाली, तिला सही येत नाही, परंतु तिचा आवाज पुरेसा आहे.

चित्रकार हयात असताना मी त्यांच्या ओट्यावर अर्ज लिहीत असे. त्यांना तमिळ अर्धे येई, मला इंग्रजी अर्धे. त्यामुळे आमच्यात कधी भांडण झाले नाही. आयुधपूजेला माझे मेज आत नेऊन त्यांच्या कुंचल्यांशेजारी ठेवीत असू आणि दोहोंना चंदन-कुंकू लावीत असू. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, दुसऱ्या दिवशी उचलायचे, असा रिवाज. ते वारल्यावरही मी तो मोडला नाही. नेमके गेल्या आयुधपूजेलाच, मेज आत असताना, समितीने घर ताब्यात घेऊन कुलूप घातले.

आता ओट्यावर तिकीटखिडकी आहे आणि मेज दोरीच्या आत. त्यावरील पाटी सांगते की कुंकवाचे ठिपके ही चित्रकाराची अखेरची रंगशैली होय. ते ठिपके माझ्या बोटाचे आहेत.

मी समितीच्या व्यवस्थापिकेला म्हणालो, "अम्मा, हे मेज माझे. खणात माझा चष्मा आहे, पाहा."

"पाहिला, ऐया. तो शेजारच्या कपाटात मांडला आहे. पाहुण्यांना फार आवडतो."

फुलवाली रस्त्यापलीकडून ओरडली, "अहो, त्या चष्म्याची काडी मी माझ्या फुलांच्या दोऱ्याने बांधून दिली होती!"

व्यवस्थापिकाबाई हरखल्या. दुसऱ्या दिवशी कपाटावर नवी पाटी लागली: चित्रकाराचा स्थानिक फुलवालीशी स्नेह. त्यावर फुलवाली जे बोलली ते अर्जात घालण्याजोगे नाही.

मग बाईंनी तोडगा काढला. "तुम्हीच रोज मेजाशी बसा ना. पाहुण्यांना जिवंतपणा वाटेल. फक्त चित्रकारांची टोपी घाला, आणि काही लिहू नका. शाई सांडेल." मी टोपी घातली नाही.

काल तिरुनीलक्कुडी गावची एक विधवा पेन्शनचा अर्ज लिहवून घेण्यास आली. मेज ओळखून, तिकीट काढून, ती दोरीपाशी कागद धरून उभी राहिली. पहारेकऱ्याने तिला बाहेर काढले. तिचा अर्ज मी देवळाच्या पायरीवर, मांडीवर कागद ठेवून लिहिला. अक्षर वाकडे आले. कचेरीने तो परत केला.

सबब विनंती की, मेज मला परत मिळावे. पाट्या समितीने ठेवून घ्याव्यात. उत्तर लेखी द्यावे. तोंडी उत्तर मला मिळालेले आहे.