न पुसलेलं दार

गाड्यांच्या काचा बनवणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात माझी आत्या एकोणीस वर्षं साफसफाई करत होती. तिथं तिला सगळे मावशी म्हणत. तिनं पुसलेल्या दारावर कुणीही बोट फिरवून बघावं.

एका शुक्रवारी सकाळी नऊला कंपन्यांच्या व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी स्पर्धा आयोगाची माणसं आली. त्याच घटकेला आणखी तीन देशांत तिथल्या आयोगांनी अशाच कंपन्यांवर छापे घातले, म्हणजे एका कंपनीला दुसरीला सावध करता येणार नाही. बाजारात एकमेकींच्या उरावर बसणाऱ्या या कंपन्या आतून संगनमतानं भाव ठरवत होत्या, असा संशय. संध्याकाळी, उरलेले कागद सोमवारी तपासायचे म्हणून, कागदपत्रांच्या खोलीच्या दारावर चिकटपट्टीचं सील लावून ती माणसं गेली.

सोमवारी सील अर्धं उखडलेलं.

मॅनेजरनं आत्याला बाजूला घेतलं. "मावशी, सवयीनं दार पुसलंत, एवढंच सांगा. तुम्हाला कोण फासावर देतंय? नोकरीचं माझ्याकडे लागलं."

निवृत्तीला दोन वर्षं होती. आतोबा अंथरुणाला खिळलेले, मिळवणारी ती एकटी.

आयोगाच्या बाईंनी विचारलं, "दार तुम्ही पुसलंत?"

आत्यानं मनात देवाचं नाव घेतलं. "नाही बाई. शनिवार-रविवार इथं भिंती खरवडल्या. आज सातला आले तर मजलाभर पांढरी धूळ. अकरा दारं पुसली. हे बारावं. त्यावर तुमची सरकारी चिठ्ठी, म्हणून हात लावला नाही. बघा की!"

अकरा दारं लख्ख होती. बाराव्यावर धुळीचा थर, नि सीलाजवळ चार बोटं उमटलेली.

"मावशी, तुम्हाला कुणी विचारलं?" मॅनेजर खेकसला.

"बाईंनीच की, आत्ता."

कंपनीला सील तोडल्याचा वेगळा दंड झाला. तोही फुकाचाच. पहिली कबुली देणाऱ्या कंपनीला दंड माफ असतो. म्हणून परदेशातल्या एका साथीदार कंपनीनं छाप्याआधीच सगळे पुरावे आयोगांच्या हवाली केले होते. खोलीतल्या कागदांवाचून काहीच अडलं नाही.

आत्याला महिन्याभरात कामावरून काढलं. आता ती एका शाळेचे वर्ग पुसते, निम्म्या पगारावर.

"पस्तावलीस का गं?" मी एकदा विचारलं.

"खोटं बोलले असते तर देवानं एक वेळ माफ केलं असतं," ती म्हणाली. "पण मी पुसलेलं दार असं असतं, हे सरकारी कागदावर कायमचं राहिलं असतं ना!"