डोंगर नसलेलं चित्र

१९३६च्या दिवाळीत बैठकीच्या खोलीसाठी नागफणीच्या डोंगराचं चित्र दहा रुपयांत ठरलं. हजर मी, बायको आणि दुकानांच्या पाट्या रंगवणारा औंढ्याचा पेंटर. बोलताना तो हवेत बोटाने अक्षरं काढी.

महिन्याने त्याने आणले नुसते ठिपके, कुठे दाट, कुठे विरळ. जवळच्या एका बंगल्यावर हवापालटाला उतरलेल्या कुणा प्रोफेसरांनी त्याला अणूतल्या कणाचं सांगितलं होतं.

"कापडाला गोवर आलाय!" बायको म्हणाली.

"वहिनी, बघंस्तवर कण एका जागी नसतोच. हितं बी असंल, तितं बी."

"मध्ये डोंगर काढ, तरच घेतो," मी म्हणालो.

"मग खोटं हुईल, भाऊ."

दुकानदार सांगेल ते निमूट लिहिणारा हा माणूस, पैशाची निकड असूनही, चित्र गुंडाळू लागला. मी दहा रुपये पुढे केले. त्याने दोन परत दिले. "डोंगर न्हाई काढला, त्याचे ह्ये." पेंटरला आठच पोचले.