पाहुण्यासारखं रडणं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही – त्याला जे सांगितलं ते खोटं होतं. आता सांगायला बसले, तर आधी स्वतःचीच बाजू मांडावीशी वाटते आहे. खोड जुनीच.

ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयला राहत होतो. नवरा मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर, मुलगी शाळेत, आणि मी घरी – पुण्यात गुरुजींकडे बारा वर्षं घासलेलं व्हायोलिन पेटीत बंद. तिथल्या काही हौशी लोकांनी मला बोलावून घेतलं. ते क्लेझमर वाजवायचे, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यू लोकांचं लग्नातलं संगीत. जुन्या चाली नव्याने रेकॉर्ड करायच्या, हा त्यांचा ध्यास. म्होरक्या डेव्हिड, तिशीतला. हिचा कान इंडियन आहे, बावीस श्रुती ऐकतो, असं तो येईल त्याला सांगायचा. मला ते आवडायचं – का नाही आवडणार?

‘बेसूर’ हा शब्द मीच त्यांना शिकवला. आमच्याकडे वादकाला याहून मोठी शिवी नाही, हेही सांगितलं. मग कुणी चुकलं की सगळे थट्टेने ‘बेसूर’ म्हणायचे. सॉलसुद्धा.

सॉल – सत्तरी उलटलेला, व्हायोलिनच वाजवणारा. माझी मुलगी त्याला सॉलकाका म्हणायची. नवरी मांडवाकडे निघताना वाजवायची एक चाल त्याच्या वडिलांनी बांधली होती. ती कुठल्याच तबकडीवर नव्हती. वडील गेले, त्यांचं तिकडचं गावही महायुद्धात गेलं. चाल फक्त त्याच्या बोटांत उरली होती. मरण्याआधी ती टेपवर यावी, एवढंच त्याला हवं होतं. ती त्याने मलाही शिकवली. त्या संगीतात सूर मध्येच मोडतो, हुंदका आल्यासारखा. माझा हुंदका ऐकून तो एकदा सगळ्यांदेखत म्हणाला, “वाजवतेस करेक्ट. पण रडतेस पाहुण्यासारखी.”

सगळे हसले. मीही हसले. इतकं जिव्हारी लागलं होतं की त्या रात्री मी जेवले नाही. खरं होतं ना ते – म्हणूनच.

रेकॉर्डिंग रविवारी दुपारी होतं. सॉल काचेपलीकडे, कानांवर हेडफोन. मी आणि डेव्हिड अलीकडे, यंत्रांपाशी. आमचं बोलणं त्याला ऐकू जायला एक बटण दाबून धरावं लागे. सॉलने वाजवायला सुरुवात केली आणि – काय सांगू? गंधारावर सूर हलला, मोडला, पुन्हा उभा राहिला. गुरुजींनी मान खाली घालून ऐकलं असतं. ते आंदोलन होतं, जाणूनबुजून सूर झुलवणं, हवं तिथे, हवं तेवढंच. मला पक्कं कळत होतं. डेव्हिडला शंका आली. त्याने विचारलं, “हात शेक होतोय का त्याचा?”

“बेसूर,” मी म्हणाले. “हात गेला त्याचा. कॅन्सल कर.”

काचेपलीकडे सॉलने व्हायोलिन मांडीवर ठेवलं. मग पेटीत ठेवलं. ते पुन्हा कधी बाहेर काढलं नाही.

बटण चुकून दाबलं गेलं, असं ठरलं. डेव्हिडला वाटलं, त्याच्याच कोपराने. बिचारा दोनदा सॉलच्या घरी माफी मागायला गेला. मी त्याला जाऊ दिलं. सॉलचं वाजवणं पुसून त्याच टेपवर ती चाल मी वाजवली. कॅसेट निघाली. लोकांनी माझ्या हुंदक्याचं कौतुक केलं.

सॉलने ती आमच्या किचनमध्ये बसून ऐकली. माझा हात हातात घेऊन म्हणाला, “बरं झालं, हात जाण्याआधी तुला शिकवली.” त्याला ते खरं वाटलं होतं. मी त्याला आणखी चहा विचारला. पुढच्या वर्षी तो गेला.

डेव्हिडचं कोपर त्या बटणाच्या जवळपासही नव्हतं. बटणावर माझं बोट होतं. ‘बेसूर’ म्हणण्याआधी मी ते दाबलं, आणि वाक्य पुरं होईपर्यंत उचललं नाही.