देवघराचं प्रात्यक्षिक

स्वतःची फजिती स्वतःच कशी करून घ्यावी, याची शिकवणी कोणाला हवी असेल तर माझ्याकडे या. चहासुद्धा मीच पाजीन!

झालं असं, की कोथरूडच्या आमच्या फ्लॅटसाठी मी नवीन देवघर आणलं. एमडीएफचं. म्हणजे लाकडाचे बारीक तंतू गोंदात कालवून, दाबून केलेल्या फळीचं. तिच्यात ना गाठ, ना रेषा. त्यामुळे जाळी अशी सुबक कापता येते, की बघत राहावं! दुकानदार म्हणाला, "हवा बदलली तरी हे लाकडासारखं वाकत नाही, चिरत नाही." मी त्याचा अर्थ काय घ्यावा? की हे पाण्याला भीत नाही!

आमच्या हिला शंका. "अहो, पुठ्ठ्यासारखं वाटतंय. भिजलं तर?"

"पुठ्ठा? हे बघ!" मी पळीभर पाणी दारावर ओतलं. रंगावरून थेंब ओघळून गेले. दाराला काही म्हणजे काही झालं नाही.

मग काय, जो येईल त्याला प्रात्यक्षिक! शेजारी आले, पळी. मेव्हणा आला, पेला. दार जरा घट्ट लागायला लागलं होतं. पण नवी वस्तू घट्टच असते, नाही का?

मुलीच्या साखरपुड्याच्या आदल्या संध्याकाळी होणारे व्याही आले. घरात सागवानाशिवाय काही न ठेवणारा माणूस. "एमडीएफ? आणि पाण्याचं काय?" एवढंच म्हणाले. आता व्याह्यांपुढे माघार घ्यायची? मी सरळ तांब्या उपडा केला! पाणी ओघळून खाली गेलं. मी दार लावलं आणि ऐटीत पोह्यांकडे वळलो.

सकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं. गुरुजी म्हणाले, "देवापुढे विडा-नारळ ठेवा, मग सुरू करू."

मी दार ओढलं. हलेना! वाकून पाहिलं, तर खालची कड पावासारखी फुगून तळाच्या फळीत रुतलेली. त्या कडेला रंगच नव्हता हो! रात्रभर तिने पाणी पिऊन घेतलं होतं.

"जोर लावा, भावजी," मेव्हणा म्हणाला.

लावला. मूठ स्क्रूसकट हातात आली, बरोबर चिमूटभर भुसा. देव आतच!

"बाबा, मुहूर्त चाललाय!" मुलगी रडकुंडीला आली.

शेवटी व्याह्यांनीच स्वयंपाकघरातून उलथनं मागवलं आणि फटीत घातलं. ते रेटताहेत, मी ओढतोय. दार बिजागऱ्यांसकट उखडून माझ्या मांडीवर आलं. आत बाळकृष्ण आडवा झाला होता. हिने त्याला सरळ बसवलं, माझ्याकडे न बघता.

विडा ठेवून मी घाम पुसला. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोललो, "काय आहे गुरुजी, कार्य निर्विघ्न व्हावं म्हणून आम्ही करायचं काही बाकी ठेवलं नाही."

गुरुजींनी फुगलेल्या दाराकडे शांतपणे पाहिलं.

"दिसतंय. लोक देव पाण्यात ठेवतात. आपण देवघर ठेवलंत."