पाण्याच्या बाजूने ऐकणारे रशीदभाई

रशीदभाई मोमीन कोणत्याही यंत्रासमोर उभे राहिले की आधी ते बंद करायला सांगत. इतर कारागीर यंत्र चालू करून दोष शोधतात. यांचे उलट होते. "चालू असताना समदी यंत्रं ओरडत्यात," ते म्हणत, "बंद व्हताना खरं बोलत्यात."

त्यांचा हा स्वभाव मी प्रथम पाहिला तो धरणाच्या फुगवट्यात, भर पाण्यात. आमची लाँच चिंचोळ्या भागात शिरत होती. समोर पाण्यावर नायलॉनचा दोर आडवा ताणलेला होता आणि मच्छीमार संस्थेचे लोक टायरच्या ट्यूबांवर बसून तो धरून होते. लाँचमध्ये बाजाराची माणसे, पोती, कोंबड्या. चालक दत्तू म्हणाला, "घालतो अंगावर. बाजूला व्हत्याल." त्याने वेग वाढवलाही. रशीदभाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बंद कर."

"चाचा, हळू गेलो तर दोर पंख्यात गुतंल—"

"म्हणूनच म्हणतो. बंद कर."

इंजिन थांबले. लाँच आपल्या जोराने दोराकडे सरकत राहिली. सगळे दोराकडे पाहत होते. रशीदभाई मान खाली घालून, डोळे मिटून थांबत्या इंजिनाकडे कान देऊन उभे होते. लाँच दोरापासून हातभर अंतरावर थांबली, तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि मला म्हणाले, "साहेब, त्या माणसाचं बरोबर हाय."

तो माणूस म्हणजे गंगाराम, संस्थेचा अध्यक्ष. आंबेगाव तालुक्यातील या फुगवट्यात त्याच्या लोकांचा मासेमारीचा ठेका होता. चिंचोळ्या भागाच्या कडेला उथळ, गवताळ पाणी आहे. मरळ ही मासळी तिथे अंडी घालते आणि नर-मादी पिलांची राखण करीत तिथेच राहतात. मोठी लाँच आल्यापासून मरळ तिथून उठली, असे गंगारामचे म्हणणे होते. लाँच बंद करा, नाहीतर आम्ही करू, असे त्याने जाहीर केले होते. पलीकडच्या गावांना मात्र लाँचवाचून घोडेगावची एसटी गाठता येत नव्हती. डोंगराला वळसा घालून रस्ता आहे. त्यात अर्धा दिवस जातो. दोन्ही बाजूंचे खरे होते. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेलो. दोन्ही बाजूंना सारखाच नावडता, म्हणून लाँच समितीचे अध्यक्षपद माझ्याकडे आले.

मी आधी इंजिनाला चांगला सायलेन्सर बसवून घेतला होता. काठावर आवाज निम्म्याने कमी झाला. गंगारामचा राग दुप्पट झाला. म्हणून मी रशीदभाईंना लाँच दाखवायला बोलावले, तेव्हा हे ऐकून ते हसले होते. "साहेब, तुमी माणसांचे कान वाचवले. मासा काय धुराड्यात ऱ्हातो का?"

ते जुन्नरचे. वडिलांचे ओतूरला विहिरीच्या मोटारी दुरुस्त करण्याचे दुकान होते. हे मात्र शिकले, परीक्षा देत देत व्यापारी जहाजांवर मुख्य अभियंता झाले आणि निवृत्त होऊन पुन्हा जुन्नरला येऊन राहिले. समुद्राच्या गोष्टी ते स्वतःहून सांगत नसत. मी एकदाच विचारले, तेव्हा एवढे सांगितले. थंड समुद्रात एका बंदराबाहेर देवमासे पिलांसह येतात. तिथे वेग उतरवा, असे ते कप्तानाला सांगत आणि कंपनीची कचेरी वेग वाढवा म्हणून संदेश पाठवी. "मासा नव्हं राव, हत्ती पवत व्हता. पाण्यात दिसत न्हाई, म्हणून ती जनावरं आवाजावर जगत्यात. पोरगं आईला हाक मारतंय आन् मधी आमचा पंखा. पाणी आवाज गिळत न्हाई. पोचवतं." कप्तानाने वेग उतरवला. मालकाने पुढच्या फेरीला दोघांची जहाजे बदलली. हे सांगताना त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती.

दोराजवळ त्या दिवशी बराच वेळ बोलाचाली झाली. गंगाराम दोर सोडेना. लाँचमधल्या ठकूबाई उभ्या राहून ओरडल्या, "गंगाराम, माझ्या सुनंचं दिवस भरत आल्यात! अडली तर तुझ्या मरळीवर बसवून न्हेऊ व्हय?"

"आन् माझ्या पोरांनी काय लाँचचा धूर खायाचा?" गंगारामने विचारले.

रशीदभाई लाँचच्या कठड्यावरून वाकून त्याला म्हणाले, "भाऊ, खोडदला त्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या छत्र्या हायेत ना, आभाळ ऐकणाऱ्या? तिथं ठिणगी उडवणारं यंत्र लावायच्या आधी माणूस दहादा इचार करतो. आभाळाला शांतता लागते, हे आपल्याला पटलं. पाण्याला लागते, हे मी या लोकांना पटवतो. मला थोडी मुदत दे. तोवर लाँच फकस्त दुखणाइतासाठी सुटंल."

"आन् न्हाई जमलं तर?"

"तर दोर मी धरीन. तुझ्या शेजारी."

गंगारामने दोर सोडला. बाजारकरूंनी मला आणि रशीदभाईंना वाटभर शिव्या दिल्या. त्या मी ऐकून घेतल्या. रशीदभाईंनी काहींना दाद दिली.

लाँच काठावर ओढली, तेव्हा दोष उघडा पडला. इंजिन लोखंडी पट्टीवर, लाँचच्या तळाला घट्ट आवळलेले होते. कारखान्यातून आलेल्या जाड रबरी गाद्या कुठेच नव्हत्या. दत्तूने अभिमानाने सांगितले, "गाद्यांवर इंजिन नाचत व्हतं चाचा. काढून फेकल्या आन् आवळलं. आता तसूभर हलत न्हाई." काठावरच्या शेतकऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांच्यातल्या दोघांनी पाने धरून मदतही केली होती. आमच्याकडे हलणारी मोटार म्हणजे ढिली मोटार. विहिरीवर ती काँक्रीटच्या कट्ट्यात पुरतात. इथेही तेच केले होते.

रशीदभाई रागावले नाहीत. "माझ्या बापानं जन्मभर असंच आवळलं. पण इहिरीच्या कट्ट्यात कुणी ऱ्हातं का रं? हितं तुझा कट्टाच पाण्यात हाय. इंजिन हाणतंय, तळ वाजतोय, आन् मरळीच्या घरात रोज ढोल."

पंख्याची पाती त्याहून वाईट होती. उन्हाळ्यात पाणी उतरले की बुडालेल्या शेतांचे दगडी बांध वर येतात आणि पंखा त्यांना घासतो. पात्यांच्या कडा वाकून दंतुर झाल्या होत्या. असा पंखा पाणी फाडतो, त्यात बुडबुडे होऊन फुटतात आणि तो आवाज सगळ्यांत दूर जातो, हे त्यांनी दत्तूला समजावले. पंखा ओतूरला नेला, पाती सरळ करून घासून आणली, नव्या रबरी गाद्या मिळवल्या. तिथल्या कारागिराने केलेले काम त्यांनी दोनदा परत केले. त्यांना चढ चढताना दम लागत असे. मी डॉक्टरांचा विषय काढला. "डॉक्टर म्हणतो, वेग कमी करा," ते म्हणाले. "बघा, सगळीकडं एकच दुखणं."

चाचणीच्या दिवशी दोन्ही काठांवर माणसे जमली. परीक्षक कोण, यावर वाद झाला. तेव्हा गंगारामने सदरा काढला आणि तो गवताजवळच्या पाण्यात उतरला. मी स्वतः ऐकणार, म्हणाला. दत्तूने लाँच सुरू केली. चिंचोळ्या भागाच्या तोंडाशी ती आली आणि गंगारामने बुडी घेतली.

लाँच त्याच्या समोरून गेली. तो वर आला नाही. ठकूबाईंनी तोंडावर पदर धरला. संस्थेची दोन माणसे पाण्यात उतरू लागली. रशीदभाईंनी हातानेच त्यांना थोपवले. त्यांचा दुसरा हात माझ्या मनगटावर होता. लाँच पार पलीकडे गेल्यावर गंगाराम वर आला आणि खोकत राहिला.

"काय रं?" रशीदभाईंनी विचारले.

"येतंय," तो म्हणाला. "पर लांबनं येतंय. आदी डोस्क्यात यायचं."

काठावर लोक ओरडले, दत्तूने शिट्टी मारली. रशीदभाई म्हणाले, "येतंय ना? म्हंजी झालं न्हाई. दत्तू, परत जा. निम्म्या वेगानं."

इथे आमचेच प्रवासी आमच्यावर उलटले. निम्मा वेग म्हणजे एसटी चुकणार. एकाने तर स्पष्ट विचारले, हे म्हातारे कोणाच्या बाजूचे आहेत. रशीदभाई म्हणाले, "पाण्याच्या. तिथनं कुणी बोलाया येत न्हाई, म्हणून." मग ते ठकूबाईंकडे वळले. "मावशी, अडलेल्या बाईला न्हेताना सुसाट न्ह्या. गंगाराम कायबी बोलणार न्हाई. बाजाराला जाताना मात्र थोडं लवकर निघा."

"आन् भाकऱ्या कोण थापणार लवकर, तुमी?" ठकूबाईंनी विचारले.

काठ हसला. त्या हसण्यात निम्म्या वेगाचा ठराव मंजूर झाला. गंगाराम पुन्हा बुडाला. या वेळी वर येऊन त्याने मान डोलावली. मग सदरा उचलला आणि घातला. ठकूबाईंच्या सुनेला पुढे एकदा लाँचने पूर्ण वेगाने नेले. त्या दिवशी गंगारामच्याच माणसांनी ट्यूबा बाजूला घेतल्या.

मरळ लगेच परतली नाही. हंगामभर गंगाराम येता-जाता मला रिकामी जाळी दाखवी आणि रशीदभाईंचे नाव घेऊन टोमणे मारी. ते मी जसेच्या तसे जुन्नरला पोचवत असे. पुढच्या वर्षी रशीदभाईंनी अंथरूण धरले. मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांना बोलताना श्वास पुरत नव्हता.

"मरळ?" त्यांनी विचारले.

मी खरे ते सांगितले. "ठाऊक नाही. गंगाराम हल्ली काही बोलत नाही. जाळी कुठे टाकतो तेही सांगत नाही. विचारले की विषय बदलतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि हसू लागले. हसता हसता खोकला आला, बायकोने पाठ चोळली, तरी हसू थांबेना. "साहेब," ते म्हणाले, "तुमी धरणं बांधली, पर कोळी वळखला न्हाई. जाळं रिकामं असंल तर तो गावभर ओरडंल. मासा लागला, की जागा बायकोलाबी सांगायचा न्हाई."

त्याच आठवड्यात ते गेले. कब्रस्तानात गंगाराम संस्थेच्या माणसांबरोबर आला होता. त्याने माती दिली आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. मी त्याला मासळीचे विचारले नाही. त्यानेही सांगितले नाही.