मापकाका पाय दाखवतात
बुटांच्या दुकानात छत्तीस वर्षं गिऱ्हाइकांच्या पायाशी बसून माप घेणाऱ्या या गृहस्थांना सगळे मापकाकाच म्हणायचे. दारातून आत येणाऱ्याची नुसती चाल बघून ते नंबर सांगायचे. कुणी 'नाही हो, मला आठच लागतो' म्हणून हटून बसला, तर आठ चढवून द्यायचे, चार पावलं चालू द्यायचे आणि न बोलता नऊ पुढे करायचे. पण स्वतः हट्टी म्हणजे किती हट्टी असावं माणसाने! त्यांचं एकच ठाम मत होतं: पाय कधी चुकत नाही, चुकतो तो बूट. यांचं डोकं दुखलं असतं तरी यांनी आधी बूटच तपासला असता.

म्हणूनच दोन वर्षांपूर्वी चालताना उजवी पोटरी आवळायला लागली तेव्हा त्यांनी बूट बदलला. मग पुन्हा बदलला. अर्धा नंबर वाढवला, मऊ तळाचा घेतला, टाच उंच करून घेतली, कंपनीच्या नावाने बोटं मोडली. पोटरी काही ऐकेना. शेवटी अंगठ्याला एक जखम झाली आणि दीड महिना झाला तरी भरेना, तेव्हा या पठ्ठ्याने नव्याकोऱ्या बुटालाच अंगठ्यापुरतं भोक पाडलं! ते काकूंच्या नजरेस पडलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी नवऱ्याला बखोटीला धरून दवाखान्यात आणलं.

खरं तर काकूंचे पायही कुठे धड होते? दोघं बाजाराला निघाली की कोपऱ्यावरचा बाक येईपर्यंत काकूंचं सुरू. 'अहो, पाय भरून आले हो माझे. टेकते जरा.' पुढे औषधांच्या दुकानाच्या पायरीशी पुन्हा तेच. 'एवढ्याशा चालण्याने?' म्हणून काका करवादायचे आणि शेजारी बसायचे. बायकोच्या पायांसाठी त्यांनी दोन वर्षांत चपलांचे सात जोड आणले होते. काकूंच्या पायांना काडीचाही फरक पडला नव्हता.

"चालताना कुठे दुखतं काका?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कुठे नाही."

"मग बुटाला भोक कशाला?"

"वारा लागायला."

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. "खोटं बोलतायत. विचारा, पोटरी कशी आवळते ते!"

डॉक्टरीणबाईंनी जखम बघितली. मग पावलावर, घोट्यामागे दोन बोटं ठेवून त्या कितीतरी वेळ नाडी शोधत राहिल्या. मापकाकांनी झटकन पाय मागे घेतला. "राहू द्या हो, धूळ असेल." आयुष्यभर दुसऱ्यांचे पाय मांडीवर घेतलेला माणूस, पण स्वतःचा पाय दुसऱ्याच्या हातात गेल्यावर लाजून चूर झाला. "पाय इकडे," बाई म्हणाल्या, तसा तो निमूटपणे पुन्हा पुढे आला.

मग काकांना टेबलावर आडवं केलं. दवाखान्यातल्या एका मुलीने दोन्ही दंडांना आणि घोट्यांना रक्तदाबाचे पट्टे बांधले, गार जेल लावलं आणि पेनासारखं एक यंत्र टेकवलं. दंडाला टेकवताच यंत्रातून जोरात धप्‌ धप्‌ ऐकू आलं. डाव्या घोट्यालाही बऱ्यापैकी आलं. उजव्याला मात्र नुसतीच खरखर. मुलगी पेन इकडून तिकडे सरकवत राहिली, तेव्हा कुठे एक पुसट ठोका हाती लागला. काका छताकडे बघत होते. अंगठा कापणार, ही धास्ती त्यांनी पंधरा दिवस एकट्यानेच पोटात ठेवली होती. माप घ्यायला उकिडवं बसलं की सगळा भार अंगठ्यावरच येतो. तोच गेला तर मापकाका कसले?

"काका, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात," आकडे बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दंडाला जेवढा दाब आहे, त्याच्या निम्माच या घोट्याला आहे. चाललं की पोटरीला रक्त पुरत नाही, म्हणून दुखतं. थांबलं की कमी होतं. बुटाचा काही दोष नाही."

"आणि अंगठा?" काकांनी विचारलं.

"वाचवता येईल असं मला वाटतं. आधी रक्तवाहिन्यांचे फोटो काढू, मग आत बारीक फुगा घालून, तो फुगवून रक्ताची वाट मोकळी करू. याच आठवड्यात. खिशातली ती सिगारेट मात्र आजपासून बंद. बंद म्हणजे बंद!"

काकूंनी सुस्कारा सोडला. काकांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. चाललं की दुखतं, थांबलं की कमी होतं. ते धडपडत टेबलावरून उतरले.

"हिला तपासा! हिला अगदी हेच होतं. दोन वर्षं झाली, आणि मी गाढव हिला चपला आणत बसलो!"

"अहो, काहीतरीच काय! चला घरी."

"चढ वर. एक शब्द बोलू नकोस."

त्यांनी स्वतः काकूंच्या चपला काढल्या. मुलीने पेन टेकवलं आणि खोलीभर धप्‌ धप्‌ घुमलं. दुसऱ्या पायालाही तसंच, खणखणीत.

"काकू, तुम्हाला काही झालेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग दुखतं काय?"

काकू पर्सची चेन उघडत-मिटत राहिल्या.

"माझं कुठे काय दुखतंय? दुखत होतं यांचं. ओठ आवळून चालायचे, पण थांबायचं नाव नाही. मग मीच म्हणायचे, पाय भरून आले."

"अगं, सात जोड आणले मी तुला!"

"मग काय करणार? तुम्हाला बसा म्हटलं असतं, तर बसला असतात?"

काकांनी वाकून बायकोच्या चपला पुन्हा तिच्या पायांत चढवल्या. डॉक्टरीणबाई उगाचच कागद चाळायला लागल्या.

चिठ्ठी घेऊन दोघं निघाली. दवाखान्यातून बाहेर जायची वाट लांब होती, भिंतीला लागून खुर्च्या होत्या. निम्म्यावर काकांची चाल मंदावली, तशा काकू सवयीने म्हणाल्या, "अहो, माझे पाय जरा..."

काकांनी त्यांचा हात धरला.

"तू गप्प राहा," ते म्हणाले. "माझी पोटरी दुखतेय गं. फार दुखतेय. बसू या."